वाणीचे बारसे

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला, की तेलगावच्या शिवारात अनेक पायांची वाणी वर येते. धारूर तालुक्यातले हे गाव साखर कारखान्यामुळे बीड जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आसपास ऊस, कापूस, सोयाबीन आणि धारूरच्या वाटेवर बालाघाट डोंगररांगेतला घाट. हात लागताच वाणी अंगाचे वेटोळे करून पडते, म्हणून कुठे कुठे तिला ‘पैसा’ही म्हणतात. कुजका पाला खाऊन त्याची माती करणे हे तिचे खरे काम. पण पेरणीनंतर बी फुगून कोंब फुटू लागला, की ती त्यालाही तोंड लावते आणि शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते. रात्री शेतात गवताचे ढीग ठेवावेत आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या वाणी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, असे परभणीचे कृषी विद्यापीठ सांगते.

सल्ला उपयोगाचा आहे. पण कोणती वाणी? जगात वाणींच्या वर्गातल्या सुमारे 12,000 जातींचे वर्णन झाले आहे आणि वर्णनाविना राहिलेल्या त्याच्या कितीतरी पट असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

महाराष्ट्रातल्या जातींना शास्त्रीय नाव मिळण्याची गोष्ट मुंबईत सुरू होते. 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी आत्माराम पांडुरंग आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. मराठी वाचकांच्या आठवणीत ही दोन नावे समाजसुधारणेच्या पानावर आहेत. निसर्गअभ्यासाच्या पानावरही ती तितक्याच मानाने लिहायला हवीत. सोसायटीच्या सुरुवातीच्या सभा आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात भरत. पुढे हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन या मद्याच्या व्यापाऱ्याने फोर्ब्ज स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातली जागा दिली. साप, पक्षी, किडे, जे कोणी पाठवील ते तिथे जमा होई. 1886 मध्ये संस्थेचे नियतकालिक निघाले आणि त्याच वर्षी फिप्सन मानद सचिव झाले. वीस वर्षे त्यांनी ते काम सांभाळले.

मुंबईत नमुने जमत, पण त्यांची ओळख पटवायला ते लंडनला जात. तिथल्या ब्रिटिश म्युझियममध्ये रेजिनाल्ड पोकॉक हे कोळी, विंचू आणि बहुपाद प्राण्यांचे जाणकार होते. त्यांनी 1892 मध्ये एका चपट्या पाठीच्या वाणीला फिप्सनचे नाव दिले. आज ती स्ट्रेप्टोगोनोपस फिप्सोनी म्हणून ओळखली जाते. चपट्या पाठीच्या या गटातल्या वाणींना डोळेच नसतात. फिप्सोनीची पिल्ले पावसाळ्यात झुंडीने चालतात, आणि पाहणारा थबकून उभा राहतो. या झुंडींचा आणि तिच्या जीवनक्रमाचा बेलेर्स आणि गोयल यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला तो 1983 मध्ये, म्हणजे नाव मिळाल्यावर तब्बल 91 वर्षांनी.

जात ठरवण्याचे काम किचकट आहे. रंग मद्यार्कात उडतो, लांबी वयाप्रमाणे बदलते आणि पायांची संख्याही वाढत जाते. खरी ओळख पूर्ण वाढलेल्या नरात असते. बहुतेक वाणींमध्ये नराच्या सातव्या वलयावरच्या पायांचे रूपांतर प्रजननाच्या अवयवात झालेले असते आणि त्याची घडण प्रत्येक जातीत निराळी असते. तो अवयव सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, त्याचे चित्र काढायचे, जवळच्या जातींशी ताडून पाहायचे, आणि मग वर्णन छापून नमुना संग्रहालयात कायमचा ठेवायचा. 1936 मध्ये कार्ल आटेम्स या ऑस्ट्रियन अभ्यासकाने भारतातल्या वाणींवर लिहिलेला मोठा ग्रंथ कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने काढला. भारतीय अभ्यासकाला तो आजही उघडावा लागतो.

नवे सापडण्याचे दिवस सरलेले नाहीत. ऑस्ट्रेलियात खाणशोधासाठी पाडलेल्या खोल छिद्रांतून मिळालेल्या युमिलिपीस पर्सेफोनी या जातीचे वर्णन 2021 मध्ये झाले. तिच्या एका मादीला 1,306 पाय होते. एवढे पाय दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात नोंदलेले नाहीत.

मुंबई आणि सह्याद्रीला फिप्सन लाभला. बालाघाटाच्या वाट्याला आलेले औदासीन्य मात्र आता पुरे झाले. पिकाचे नुकसान करणारी जात कोणती आणि जंगलातला पाला कुजवणारी कोणती, हे कळल्याशिवाय दोघींना एकाच मिठाच्या पाण्यात टाकणे बरोबर नाही. बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी येत्या जूनमध्ये शेताच्या बांधावरून आणि धारूरच्या घाटातून पूर्ण वाढलेले थोडे नमुने घ्यावेत, वनखात्याच्या हद्दीत आधी परवानगी काढावी, नमुने मद्यार्कात ठेवावेत, सोबतच्या चिठ्ठीवर गाव, तारीख आणि वेचणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहावे आणि ते पुण्याला आकुर्डीतल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रातल्या तज्ज्ञांना दाखवावेत.