वाळीत टाकण्याचे शास्त्र

‘निर्बंध’ हा शब्द तसा वर्तमानपत्री. सातारा-सांगलीकडच्या माणसाला ‘वाळीत टाकणे’ म्हणा, लगेच समजते. दुकानदाराने मीठमिरची द्यायची नाही, न्हाव्याने वस्तरा लावायचा नाही, विहिरीवर फिरकू द्यायचे नाही. हे हत्यार आपल्याकडे बहुतेकदा दुबळ्यावरच चालले. 2016 साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो त्यामुळेच. तेच हत्यार परक्या देशातल्या जुलमी राजवटीवर उगारले तर घाव कुणाला बसतो, हा निर्बंधांच्या अभ्यासाचा मूळ प्रश्न. या अभ्यासात मराठी विद्यार्थ्याचे स्वागत करताना मला वाटते, त्याची निम्मी तयारी घरीच झालेली आहे.

वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या 1986 च्या अमेरिकी कायद्यापासून सुरुवात करता येईल. मी जुलै 1946 पासून करीन. दक्षिण आफ्रिकेने हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर आणि वस्तीवर बंधने घातली, तेव्हा हिंदुस्थानने त्या देशाशी व्यापारच तोडला. एकूण निर्यातीचा सुमारे साडेपाच टक्के भाग त्यात गेला. नेहरूंचे हंगामी सरकार सप्टेंबरातले. म्हणजे दिल्लीत अजून इंग्रज बसलेले असतानाचा हा निर्णय! तिथले भारताचे उच्चायुक्तही परत बोलावले गेले; ते होते वऱ्हाडचे रामराव देशमुख.

ती व्यापारबंदी 1993 पर्यंत टिकली. वर्णभेद तिनेच मोडला, असे मी म्हणणार नाही. बडे देश कितीतरी वर्षे धंदा करीतच होते. पण स्वतःच्या खिशाला चाट लावून घातलेली बंदी आणि फुकटची बंदी यांतला फरक इथे स्वच्छ दिसतो.

गोव्याची गोष्ट उलटी. 1955 मध्ये सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्यावर भारताने पोर्तुगिजांची कोंडी आवळली: रेल्वे बंद, घाटावरचा माल बंद, मुंबईतल्या गोवेकरांनी घरी पाठवायचे पैसेही अडले. पोर्तुगीज सरकारने जहाजांनी बाहेरून माल आणला, लोहखनिजाच्या निर्यातीवर पैसा मिळवला. चटका बसला तो मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्यांना. शेवटी डिसेंबर 1961 मध्ये सैन्यच पाठवावे लागले.

आता बाण आपल्याकडेही वळू शकतो. सक्तीच्या श्रमातून आलेला माल अडवण्याचा अमेरिकी कायदा 1930 चा आहे. युरोपीय संघाने 2024 मध्ये केलेला तसाच नियम डिसेंबर 2027 पासून लागू होईल. कृष्णाकाठच्या उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना फड सोडता येत नसेल, तर ती सक्ती म्हणायची की नाही? आणि उद्या कुणी साखर अडवलीच, तर मजुरी पहिल्यांदा कारखान्याच्या संचालकाची बुडेल की कोयत्याची?

यंदाचा गळीत हंगाम सुरू झाला की एकदा पहाटे तोडणीच्या वेळी फडावर जाऊन या. निर्बंधांवरचे संयुक्त राष्ट्रांचे ठराव त्यानंतर वाचायला घ्या.