कमाठी बागेतील एक दुपार

पौषातले ऊन वडोदऱ्यात सौम्य असते. पहाटेचा गारठा ओसरला की दुपारी अंगावरची शाल नकोशी होते आणि विश्वामित्रीकाठच्या सयाजी बागेतील सावली हवीहवीशी वाटू लागते. जुने बडोदेकर हिला कमाठी बाग म्हणतात. आमच्या विद्यार्थिदशेत अशाच एका दुपारी आम्ही तिच्या वाटांवरून सायकलीने संथ प्रदक्षिणा घातली होती. काळ्या घोड्यावर आरूढ झालेल्या महाराजांच्या पुतळ्याला मागे टाकले, वस्तुसंग्रहालयाच्या कमानींपुढून गेलो, बँडस्टँडला वळसा घेतला. घाई कसलीच नव्हती. ही बाग जणू आपल्यासाठीच कोणी लावून ठेवली आहे, असे त्या वेळी मनात आले.

ती कोणी लावली, हे पुढे वाचनात आले. बाग १८७९ सालची. तिला नाव सयाजीराव तिसरे यांचे. परंतु महाराज त्या वर्षी अज्ञान होते आणि राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती १८८१ च्या डिसेंबरात आली. तोपर्यंत संस्थानचा कारभार दिवाण राजा सर टी. माधवराव पाहत. तेही तंजावरकडील मराठीभाषी घराण्यातले. म्हणजे दिवाणांच्या काळात बाग उभी राहिली आणि महाराजांच्या दीर्घ कारकिर्दीत बहरली. वस्तुसंग्रहालयाची इमारत १८९४ साली पुरी झाली.

आमच्या हातातील सायकल मात्र या बागेहून वयाने लहान. जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडात १८८५ साली विक्रीस आली. आपल्याकडे १८८८ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात बंधूंसह सायकलींचा व्यवसाय आरंभिला, तेव्हा हे वाहन श्रीमंतांनाच परवडणारे होते. कारकुनाला आणि विद्यार्थ्याला ते लाभायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. फावल्या वेळेचे सुख असे पायरी-पायरीने खाली उतरत आमच्यापर्यंत पोहोचले होते. आम्हाला त्याची जाणीव नव्हती.

ती जाणीव करून दिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मकथनपर लेखनाने. १९१७ साली भीमराव आंबेडकर परदेशातील शिक्षण अर्धवट सोडून बडोद्यास आले. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते शिकले होते आणि करारानुसार संस्थानची नोकरी करण्यास हजर झाले होते. शहरात राहायला जागा मिळेना. जात लपवून ते एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना तेथून निघावे लागले. एका हिंदू मित्राने असमर्थता दर्शविली. एका ख्रिस्ती मित्रानेही सबब सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी याच कमाठी बागेत काढले.

राजाने ज्याला परदेशी धाडून विद्वान केले, त्याला राजाच्याच नगरीत छप्पर मिळाले नाही. आश्रय दिला तो बागेने. देवळाच्या आवारातली, गावच्या पारावरची सावली आपण पिढ्यानुपिढ्या सर्वांची म्हणत आलो. परंतु त्या सावलीत कोणी बसावे, हे मात्र आपणच ठरवत होतो. या बागेतल्या झाडाने आल्या माणसाला त्याचे कुळ विचारले नाही. बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आमच्या त्या दुपारच्या फेरीची आठवण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. ऊन तेच, वाटा त्याच, सायकलीचा संथ वेगही तोच डोळ्यांपुढे येतो. मात्र वाटेलगतच्या एखाद्या झाडाखाली सामान जवळ घेऊन बसलेला एक सव्वीस वर्षांचा तरुण दिसतो. त्यालाही त्या वेळी कसलीच घाई नव्हती. जाण्यासाठी ठिकाणच नव्हते. सार्वजनिक म्हणून आपण जे जे बांधतो, मग ती बाग असो वा मंदिराचा सभामंडप, त्याचे मोल ठरवताना त्या पाच तासांचे स्मरण ठेवावे, एवढेच वाचकांना विनविणे आहे.