तुणतुण्याचा एकच सूर

"तेच तुणतुणं किती वाजवतोस?" असं आपण घराघरात म्हणतो. या बोलण्याने एका चांगल्या वाद्याची उगाच बदनामी झाली, असं आमचं मत आहे.

वाद्य साधं. लाकडाचं पोकळ नळकांडं, तळाला कातडं, त्यातून निघालेली एक तार बाजूच्या काठीवरच्या खुंटीला. पडदे नाहीत, म्हणजे सूर एकच. पण तो आधीपासून ठरलेला नसतो. गाणाऱ्याचा आवाज आज कुठे बसतो ते पाहून खुंटी पिळायची. पेटीचं उलट आहे. काळी दोन की काळी चार, हे शोधत गायकालाच पट्टीकडे जावं लागतं. आणि शाहीर वरच्या षड्जाला भिडला तरी तुणतुण्याला हलावं लागत नाही. दोन षड्जांच्या कंपनांचं प्रमाण एकास दोन, कानाला तो एकच स्वर.

मिरजेचे कारागीर करतात तो तानपुरा घ्या. जोडाच्या दोन तारा षड्जाच्या, शेवटची खर्जाची. पंचमाची पहिली तार क्षणभर विसरा. उरलं ते सगळं 'सा', फक्त सप्तक वेगळं. तरीही खर्ज छेडला की कुणी न लावलेला गंधार ऐकू येतो! तार अख्खी हलते तशी तुकड्यातुकड्यांनीही हलते. तिप्पट कंपनांचा पंचम, पाचपटीचा गंधार. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने जवारी खुलते आणि ते उठून दिसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला होता. तुणतुण्याला जवारी नाही, म्हणून त्याचा सूर कोरडा. पण संबळ आणि डफाच्या गलक्यात तोच टिकतो, बरं का.

आता इतिहासाचं बघा. अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा पोवाडा, १६५९ च्या प्रसंगावरचा, उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानतात. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाडे छापले, फार मोठं काम केलं. पण कागदावर शब्द उरतात. खुंटी कुठवर पिळली होती, झीलकऱ्याने सूर कुठे धरला, ते उरत नाही.

आपल्या नांदेड जिल्ह्यात माहूर आहे, रेणुकेचं ठाणं. गोंधळात तिला आवाहन होतं, ते संबळ-तुणतुण्यावर. मुखेड तालुक्यात कुणाच्या घरी लग्नानंतर गोंधळ घातला जाणार असेल, तर एवढं करा: मोबाइल गाणं सुरू झाल्यावर काढू नका. गोंधळी खुंटीला हात लावतात तिथपासून रेकॉर्डिंग चालू ठेवा.