आकाशवाणीचा एक दिवस

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहून द्यावे, असे मंडळाच्या चिटणीसांनी सुचविले, तेव्हा लढाया आणि राजघराणी बाजूस ठेवून आम्ही आकाशवाणीचा एक दिवस निवडला. त्यास कारण आहे. आमचे बालपण १९७० च्या दशकात जबलपुरास गेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. घरच्या मराठीत भाजीपाला, अभ्यास आणि रागावणे एवढेच मावत असे. पाटबंधारे, अंदाजपत्रक, तहकुबी हे शब्द आमच्या घरात आणले ते रेडिओने. परप्रांतातील अनेक मराठी कुटुंबांचा अनुभव याहून वेगळा नसावा.

दिवस उजाडे तो त्या परिचित संकेतधूनीने आणि पाठोपाठच्या ‘वंदे मातरम्’ने. ती धून रचल्याचे श्रेय सामान्यतः वॉल्टर काउफमान यांना दिले जाते. नाझी राजवटीच्या छायेतून निघून ते १९३४ साली मुंबईस आले व पुढे तेथील नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. घरापासून दूर पडलेल्या एका माणसाची ही धून देशाची सकाळ ठरली, हे आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या संस्थेचा आरंभ मात्र अडखळतच झाला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबई केंद्राचे उद्घाटन केले; परंतु ती खासगी कंपनी १९३० मध्ये बुडाली व प्रक्षेपण सरकारच्या हाती गेले. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्ली केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्यास अवघी सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली व लखनौ.

सकाळी हिंदी व इंग्रजी बातम्या होत. १९७४ पासून संस्कृत बातमीपत्रही सुरू झाले. परंतु आमच्या घरी चहा निवत ठेवला जाई तो दिल्लीहून येणाऱ्या मराठी बातम्यांसाठी. दिल्लीहून मराठी बातम्या का, हा प्रश्न आम्हास पुष्कळ वर्षांनी पडला. त्याचे उत्तर १९३९ सालात आहे. दुसरे महायुद्ध पेटताच इंग्रज सरकारने बातम्यांवर हुकमत राहावी म्हणून देशी भाषांतील बातमीपत्रे राजधानीत एकवटली. मराठीही त्यांतच होती. सत्तेने लगामासाठी केलेली ही व्यवस्था स्वतंत्र भारताने पुढे चालविली. लघुलहरींवरून येणारी तीच बातमीपत्रे जबलपूरसारख्या गावी मराठी माणसाच्या कानी पडत. लगाम म्हणून वळलेला दोर आपल्या हाती धागा म्हणून आला. प्रादेशिक बातम्यांचा प्रारंभ १९५३ साली झाला. त्याचा पहिला मान लखनौबरोबर नागपूरलाही मिळाला.

दुपारी महिलांचे कार्यक्रम, सायंकाळी शेतकऱ्यांचे. शेतकी कार्यक्रमांच्या इतिहासात पुण्याचे स्थान मोठे आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने त्या परिसरातील पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापण्यात आली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम गावकऱ्यांनी एकत्र ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि आपले प्रश्न केंद्राकडे कळवावयाचे, अशी ती योजना होती. रेडिओ केवळ बोलत नाही, त्याने ऐकूनही घ्यावयाचे असते, हा धडा तिने दिला.

दिल्ली केंद्रावरून १९६९ साली तरुणांसाठी ‘युववाणी’ सुरू झाली. धीम्या गतीच्या बातम्या हा आणखी एक प्रकार. छोट्या वृत्तपत्रांना मजकूर उतरवून घेता यावा, म्हणून वृत्तनिवेदक शब्द सुटे सुटे करून सांगत. वडील आम्हांस त्या हिंदी बातम्या पाटीवर लिहावयास लावीत. मराठी बातम्या मात्र नेहमीच्या वेगाने जात, म्हणून त्यांतील तीन नवे शब्द जेवताना सांगावयाचे, असा घरचा नियम होता. तीन न सांगणाऱ्यास कोशिंबीर वाढण्याचे काम मिळे. ते बहुधा आमच्याकडेच असे.

रात्र विचारवंतांची. राष्ट्रीय भाषणांचा कार्यक्रम १९५३ पासून, तर सरदार पटेल स्मृती व्याख्याने १९५५ पासून सुरू झाली; पहिले व्याख्याते राजाजी होते. काळोख पडला की मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. त्यामुळे दिवसा न लागणारे नागपूर केंद्र रात्री खरखरत का होईना, आमच्या घरी येई. वडील सुई केसभर सरकवीत आणि आम्ही श्वास रोखून बसत असू. १९८८ मध्ये त्याच नागपुरातून रात्रभराची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. पुढे तीही बंद पडली.

या दिवसाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात आकाशवाणी सरकारचाच आवाज झाली आणि कित्येक श्रोते खऱ्या बातमीसाठी परदेशी केंद्रांकडे वळले. वर्गीस समितीने १९७८ मध्ये स्वायत्ततेची शिफारस केली; प्रसार भारती प्रत्यक्षात आली ती १९९७ साली. जन्मभर सरकारी चाकरी केलेल्या आम्हांस हा विलंब अपरिचित नाही.

२०१७ साली मराठी बातमीपत्रे दिल्लीहून हलवून महाराष्ट्रात नेण्यात आली. ती आज भ्रमणध्वनीवर कोठेही ऐकता येतात, त्यामुळे काही हरपले असे वरवर वाटत नाही. परंतु ठरलेल्या वेळी सारे घर गप्प बसून मराठी ऐकत असे, ती सवय मात्र गेली. आमच्या मुलांची मराठी पुन्हा भाजी, अभ्यास आणि रागावण्यापुरती उरू लागली आहे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षी मंडळास आमची एकच विनंती आहे. दर मासिक सभेचा आरंभ मुलांनी वाचलेल्या पाच मिनिटांच्या मराठी बातमीपत्राने व्हावा. बातम्या मुलांनीच निवडाव्यात, लिहाव्यात आणि सावकाश, स्पष्ट वाचाव्यात. चुका होतील, त्या होऊ द्याव्यात. थोरांनी तेवढा वेळ गप्प बसून ऐकावे. आणि तीन नवे शब्द ज्यास सांगता येणार नाहीत, त्याने त्या दिवशी कोशिंबीर वाढावी.