हनुवटीवरचे चार केस आणि एक कायदा

गटाच्या बैठकीत आपण कर्जावर बोलतो, शेळ्यांवर बोलतो, आता पाळीवरही बोलायला लागलो आहोत. पण हनुवटीवर उगवणारे जाड केस आणि ओठांवरची लव हा विषय कुणी काढत नाही. कुणी गुपचूप चिमट्याने उपटते, कुणी नवऱ्याचे ब्लेड घेते, कुणी आठवडी बाजारातून कसलीशी डबी आणते. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो. पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हजारो बायकांना ही झाकली मूठ फार महाग पडली. आज त्यांचीच गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

तिथे 1901 साली जिलेट यांची कंपनी सुरू झाली आणि पात्याच्या वस्तऱ्याऐवजी बदलता येणाऱ्या ब्लेडचा रेझर घरोघरी पोचला. 1915 साली त्याच कंपनीने खास बायकांसाठी रेझर काढला. बिनबाह्यांचे झगे घालायची पद्धत आली होती, म्हणून तो मुख्यतः काखेसाठी विकला जाई. चेहऱ्याला मात्र बायका रेझर लावायला भीत. केस दाट होतील, पुरुषासारखी दाढी येईल, ही भीती. आपल्याकडेही हेच ऐकायला मिळते.

ही भीती खरी की खोटी, हे एका बाईनेच तपासले. सेंट लुईस शहरात मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या शरीरशास्त्राच्या अभ्यासक होत्या. त्यांनी आधी बायकांच्या चेहऱ्यावरील केसांचा अभ्यास केला होता. मग चार पुरुषांना ठरवून दिलेल्या पद्धतीने दाढी करायला लावून त्यांचे केस मोजले. 1928 साली त्यांनी लिहिले की दाढी केल्याने केसाचा रंग, जाडी आणि वाढीचा वेग यांपैकी काहीच बदलत नाही. कारण सोपे आहे. ब्लेड कातडीच्या वर चालते, केसाचे मूळ आत असते. ज्वारीचे ताट कापले तर खाली उरलेला सड हाताला टोचतो. तसाच कापलेला केस बोथट होऊन हाताला खरखरीत लागतो, एवढेच.

पण ट्रॉटरबाईंचे म्हणणे बायकांपर्यंत पोचण्याआधीच जाहिरातवाले पोचले होते.

1895 साली क्ष-किरणांचा शोध लागला. हाड मोडले की आपण ज्याने फोटो काढतो, तेच किरण. पुढच्याच वर्षी असे दिसले की किरण पडलेल्या जागेचे केस गळतात. व्हिएन्नाचे डॉक्टर लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ जन्मखुणेवर हे किरण सोडले. केस गेले, पण पाठीला जखमा झाल्या. म्हणजे किरण कातडी जाळतात हे डॉक्टरांना सुरुवातीपासून दिसत होते.

तरीही 1920 नंतर न्यूयॉर्कच्या अल्बर्ट गायझर या डॉक्टराने केस काढायचे क्ष-किरणांचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ट्रायको. हे यंत्र गावोगावच्या ब्युटी पार्लरना भाड्याने दिले जाई. चालवणाऱ्या बाईला थोडेसे शिक्षण दिले की झाले. गिऱ्हाईक बाई पेटीसमोर बसे, खिडकीला गाल लावी, काही मिनिटांनी यंत्र आपोआप बंद होई. दुखत नसे, रक्त येत नसे. असे बरेच वेळा बसले की चेहरा गुळगुळीत होई. जाहिरात बघून शाळेतल्या बाई आल्या, दुकानात काम करणाऱ्या मुली आल्या, लग्न ठरत नाही म्हणून आईने पाठवलेल्या मुलीही आल्या.

परिणाम दिसायला काही महिने, कुणाला काही वर्षे लागली. कातडी कोरडी पडली, सुरकुतली, पांढरे डाग आले, न भरणाऱ्या जखमा झाल्या. कित्येक जणींना पुढे त्याच जागी कॅन्सर झाला. अमेरिकेच्या डॉक्टरांच्या संघटनेने इशारे दिले आणि 1930 च्या सुमारास धंदा बंद पडला. पण ज्या बायका गुपचूप जाऊन आल्या होत्या, त्यांतल्या अनेकींनी घरी कधी सांगितलेच नव्हते. दुखणे वाढेपर्यंत त्या गप्प राहिल्या.

तोवर दुसरी डबी बाजारात आली. कोरेमलू नावाची ही क्रीम होती. मोठमोठ्या दुकानांत ती मिळे आणि भारी मासिकांत तिची जाहिरात येई. तिच्यात थॅलियम हे विष होते. उंदीर मारायला वापरायचे तेच. क्रीम हनुवटीला लावली, पण विष कातडीतून अंगात गेले. डोक्याचे केस झडले, पोट दुखू लागले, पायांना असह्य कळा आल्या, चालता येईना, काहींची नजर गेली. बायकांनी कोर्टात दावे लावले. 1932 साली कंपनीने दिवाळे काढले आणि भरपाई कागदावरच राहिली.

आता तुम्ही विचाराल, सरकार काय करत होते? सरकारचे हात बांधलेले होते. तिथला 1906 चा कायदा अन्नाला आणि औषधाला लागू होता. तोंडाला लावायच्या वस्तूंना तो लागू नव्हता. क्रीममध्ये उंदराचे विष घातले तरी जप्त करता येत नव्हते.

इथून पुढची गोष्ट आपल्या गटांनी मन लावून ऐकावी. 1933 साली अन्न आणि औषध खात्याने अशा वस्तूंचे एक प्रदर्शन भरवले. डब्या, बाटल्या आणि त्यांनी बिघडवलेल्या चेहऱ्यांचे फोटो शेजारी शेजारी मांडले. पापण्या काळ्या करायच्या एका रंगाने दृष्टी गेलेल्या बाईचा फोटो त्यात होता. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रुझवेल्ट ते प्रदर्शन बघायला आल्या. खात्यातल्या रूथ लॅम्ब यांनी 1936 साली यावर पुस्तक लिहिले. नव्या कायद्याचा मसुदा मात्र पाच वर्षे रेंगाळला, कारण कारखानदारांचा आणि जाहिरातींवर जगणाऱ्या वर्तमानपत्रांचा त्याला विरोध होता.

तो मसुदा जिवंत ठेवला बायकांच्या संघटनांनी. महिला मंडळे, मतदार स्त्रियांची संघटना, गृहशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिका यांनी गावोगाव सभा घेतल्या, ठराव केले, आपापल्या खासदाराला पत्रे लिहिली. 1937 साली एका विषारी औषधाने शंभरावर माणसे दगावली, त्यांत बरीच लहान मुले होती. मग विरोध करणाऱ्यांना तोंड उरले नाही. 25 जून 1938 रोजी कायद्यावर सही झाली. तोंडाला लावायच्या वस्तू आणि उपचाराची यंत्रे पहिल्यांदा सरकारी देखरेखीखाली आली.

आपल्या देशात औषधांचा कायदा 1940 साली झाला, पण त्यात सौंदर्यप्रसाधने नव्हती. 1962 च्या दुरुस्तीने ती आली. म्हणून आज क्रीमच्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना नंबर, बॅच नंबर, घटक आणि मुदत छापावी लागते. ही बारीक अक्षरे वाचायचा आपल्याला हक्क आहे. अक्षरे लहान असतील तर गटातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. बिनलेबलची डबी फुकट मिळाली तरी तोंडाला लावू नका.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. गोरे करणारे म्हणून मेडिकलमधून आणलेल्या काही मलमांत स्टेरॉइड असते. ते महिनोन्‌महिने लावले की चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल पडते आणि चेहऱ्यावर नवे केसही उगवतात. असे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचेच नाही. बरेच दिवस लावत असाल तर कसे सोडायचे हेही डॉक्टरांनाच विचारा.

मग केसांचे काय करायचे? काहीच करायचे नसेल तरी चालते. केस येणे हा गुन्हा नाही. काढायचेच असतील तर नाजूक कातडीसाठी साधी पद्धत अशी. आधी कोमट पाण्यात भिजवलेला फडका दोन-तीन मिनिटे धरा, म्हणजे केस मऊ होतात. साबणाचा फेस किंवा कोरफडीचा गर लावा. ब्लेड नवे, आपले स्वतःचे आणि हलक्या हाताने. केस ज्या बाजूला वळतो त्याच बाजूने फिरवा, उलटे नको, आणि एकाच जागी पुन्हापुन्हा नको. अगदी गुळगुळीत करायच्या नादात कुरळा केस कातडीच्या आत वळतो आणि पुळी धरते. अशी पुळी सुईने टोकरू नका. ती बसेपर्यंत ब्लेड बंद ठेवा. शेवटी गार पाणी. तुरटीने रक्त थांबते, पण नाजूक कातडी कोरडी पडते, म्हणून अगदी हलकी फिरवा. दुसऱ्याचे ब्लेड कधीच नको, नवऱ्याचेही नको. त्यातून कावीळ आणि एचआयव्हीसारखे आजार पसरू शकतात. केस काढायची क्रीम वापरायची असेल, तर आधी हातावर थोडी लावून एक दिवस वाट बघा.

केस एकाएकी वाढले, पाळी अनियमित झाली, वजन वाढत गेले किंवा आवाज घोगरा झाला, तर दुखणे बहुधा आत आहे. बीजकोशाचा पीसीओएस हा आजार यामागे असू शकतो. आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा, आशाताईंना सोबत न्या.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातली एक डबी आणावी. सगळ्या मिळून लेबले वाचू या. जिच्यावर परवाना नंबर नाही, ती बाजूला काढू आणि कुठून आणली ते वहीत लिहू. एकाच दुकानातून तशा दोन-तीन निघाल्या, तर गटाचा ठराव करून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार पाठवू.