सानपाड्याचं उघडं वायफाय

शुक्रवार, २५ जुलै २००८, दुपार. बंगळूरमध्ये लागोपाठ बॉम्बस्फोट. बाकीच्या शहरांत मॉल, स्टेशनं, बसस्थानकं तपासली जाऊ लागतात. कुणाच्या घरचं वायफाय तपासावं, असं तेव्हा कुणाला सुचण्याचं कारणच नाही.

शनिवार, २६ जुलै, दिवसभर. मुंबईला ही तारीख २००५च्या पावसामुळे पाठ आहे. नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन गृहस्थाच्या घरचं वायफाय सुरू आहे, कुणालाही जोडता येईल असं. त्या काळात यात विशेष काही नाही. ब्रॉडबँडवाला येतो, राउटर बसवतो, दिवे लुकलुकले की सही घेऊन जातो. राउटर आपल्या परीने हिशेब ठेवत असतो: कोणतं यंत्र जोडलं, त्याचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक) काय, त्याला कोणता आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला. ब्राउझरमधून राउटरचं पान उघडलं की ही यादी दिसते. उघडतो कोण? शिवाय घरगुती राउटरची आठवण तोकडी. जागा भरली की जुन्या नोंदी गळतात, बंद करून चालू केला की बहुधा पाटी कोरी.

संध्याकाळी पावणेसातला काही मिनिटं बाकी. या जोडणीवरून वृत्तवाहिन्यांना ईमेल जातो. खाली इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेचं नाव, मजकुरात स्फोटांची धमकी. वाचून हालचाल करण्याइतका वेळ मुद्दामच ठेवलेला नाही.

पावणेसातच्या सुमारास. अहमदाबादेत पहिला स्फोट. मग सुमारे सत्तर मिनिटांत एकूण वीसहून अधिक. जखमींना सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणलं जात असताना तिथेही स्फोट होतो. पन्नासहून अधिक माणसं जातात.

पुढचे दिवस. तपास आयपी पत्त्यावरून सानपाड्याच्या दारात पोहोचतो. पत्ता खरा, माणूस चुकीचा. राउटरमागची सगळी यंत्रं बाहेरच्या जगाला एकाच आयपीने दिसतात. सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे ग्राहकाचं नाव असतं, ईमेल पाठवणाऱ्या लॅपटॉपचं नव्हे. हा फरक सांगू शकणारी नोंद असलीच तर त्या राउटरमध्ये. मॅक पत्ताही बदलता येतो, म्हणून ती नोंद निर्णायक पुरावा ठरली नसती. पण घरातलं नसलेलं एक यंत्र जोडलं होतं, एवढं तरी तिने सांगितलं असतं. तेवढ्यानेही त्या गृहस्थांवरचा संशय लवकर निवळता.

शनिवार, २३ ऑगस्ट. इंडियन मुजाहिदीनचा पुढचा ईमेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जोडणीवरून.

शनिवार, १३ सप्टेंबर, संध्याकाळ. दिल्लीत स्फोट. या वेळचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. सानपाड्याची बातमी देशभर गाजून दीड महिना झाला होता. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी पुण्यातल्या एका संगणक-अभियंत्यासह काहींना पकडलं आणि ईमेल पाठवल्याचा आरोप ठेवला.

जानेवारी २००९. मुंबई पोलीस जाहीर करतात, आमची माणसं शहरात फिरून उघडी वायफाय शोधतील आणि मालकांना पासवर्ड लावायला सांगतील. राउटरमधली यादी बघायला मात्र कुणी सांगत नाही.