‘रोलिग’: एका विशेषणाचे अर्थांतर

व्युत्पत्ती सापडली की अर्थही हाती आला, ही समीक्षेत रुजलेली समजूत स्कँडिनेव्हियन भाषांतील ‘रोलिग’ या नित्याच्या विशेषणापुढे टिकत नाही. प्राचीन नॉर्समधील ‘रो’ म्हणजे विसावा, स्वस्थता. त्यापासून सिद्ध झालेले हे विशेषण डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत आजही ‘शांत’ याच अर्थी रूढ आहे. आइसलँडिकमधील ‘रोलेगुर’ही तसेच. स्वीडिशमध्ये मात्र निवांत, मग सुखद, मग रंजक असे सरकत ते ‘गमतीचे’ या अर्थाला येऊन पोहोचले. ‘शांत’ हा अर्थ तेथे ‘लुग्न’ वाहतो. त्याच्या मुळाशी वारा पडल्याची कल्पना आहे. गंमत अशी, की स्वीडिश ‘ओरोलिग’ या नकारवाचक रूपाचा अर्थ ‘कंटाळवाणा’ होत नाही. तो ‘अस्वस्थ, चिंतित’ असाच राहिला. होकाराने टाकलेला अर्थ नकाराने जपला! डॅनिश कादंबरीतील ‘रोलिग’ गृहस्थ स्वीडिश अनुवादात विनोदी ठरला, तर शब्दाचे मूल्य त्या भाषेतील इतर शब्दांशी असलेल्या नात्यांतून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धांत अनुवादक विसरला असे म्हणावे लागेल. १९८०च्या दशकात डॅनिश फुटबॉलप्रेमींना ‘हूलिगन’च्या विरोधी अर्थाने ‘रोलिगन’ हे नाव पडले. स्वीडिश कानांना तो प्रेक्षक शांत वाटण्याऐवजी गमत्याच वाटावा.